यमुनाताईंच्या पुस्तकातली ती बाई

राधिकाचा मेसेज आला तेव्हा मी झुइडास या ऑफिसांच्या वस्तीतल्या आमच्या कंपनीत दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधत बसले होते. तेच माझं पोटापाण्याचं काम. बावीस वर्षं मी पगार घेऊन संशय घेतेय. ‘दीदी, यमुना चली गई,’ एवढंच लिहिलं होतं, आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणीबिणी काही आलं नाही. पहिला विचार आला तो हा, की गेली म्हणजे कुठे गेली? कारण यमुनाताईंचा काही भरवसा नव्हता. दोनच आठवड्यांपूर्वी त्या हॉस्पिसमधून, म्हणजे शेवटचे दिवस काढायच्या रुग्णालयातून, नर्सची नजर चुकवून, अंगावर गाऊन आणि पायात स्लिपर अशा थेट ट्रॅमच्या थांब्यावर जाऊन बसल्या होत्या. का, तर ‘दार आतनं उघडतंय का बघत होते.’ म्हणून मी राधिकाला उलटा फोन लावला आणि विचारलं, ‘नक्की ना?’ माणूस गेल्याचं कळल्यावर नक्की ना विचारणारी बाई मी. राधिका म्हणाली, ‘दीदी, मैं हाथ पकड़ के बैठी हूँ.’ मग मी कॉम्प्युटर बंद केला, सहकाऱ्याला डोकं दुखतंय असं खोटंच सांगितलं आणि सायकल ऑफिसखालीच ठेवून मेट्रोने निघाले. आज त्याला पाच आठवडे झाले.

यमुनाताई तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पुस्तकामुळे माहीत असतील. पाटणकडच्या एका वाडीतल्या, चौथीपर्यंत शाळा, नवरा लवकर वारला. पुण्यात एका मोठ्या घरी कामाला लागल्या आणि त्या साहेबांना द हेगला नोकरी मिळाली तेव्हा त्यांच्याबरोबर इकडे आल्या. विमानतळावर उतरल्या उतरल्या मॅडमनी हात पुढे केला, ‘दे तो पासपोर्ट, मी सांभाळून ठेवते.’ ‘सांभाळलाच की,’ यमुनाताई म्हणायच्या, ‘सहा वर्षं इतका सांभाळला, की मला दिसला पण न्हाई.’ सहा वर्षं त्या घरात पहाटे उठायचं, सगळे झोपल्यावर जिन्याखालच्या खोलीत आडवं व्हायचं. सुट्टी नाही, हातात पैसा नाही, घराची किल्ली नाही. सुटल्या त्या एका गुरुवारी सकाळी. राधिका ही मूळची सुरिनामची, तिकडे मळ्यांवर नेलेल्या हिंदुस्तानी मजुरांच्या वंशातली, शेजारच्या एका डच आजीची शुश्रूषा करायला यायची. गुरुवारी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला लावताना दोघींची दोन मिनिटं गाठ पडायची, यमुनाताईंच्या मोडक्या आणि राधिकाच्या वेगळ्याच हिंदीत बोलणं व्हायचं. दीड वर्षं ही दोन-दोन मिनिटं साठत गेली. मग एका गुरुवारी यमुनाताईंनी डबा लावला आणि घरात परत जायच्याऐवजी राधिकाच्या गाडीत बसल्या. अंगात एप्रन तसाच होता.

इथवर पुस्तकात आहे. पुढचंही आहे: कागदपत्रांची लढाई, साक्षी, आणि मग इतर बायका शोधून काढणं. बागेत दुसऱ्याची मुलं फिरवणारी, देवळात मागे उभी राहून सगळ्यांच्या पिशव्या धरणारी, दिवाळीच्या पार्टीत एकदाही बाहेर न आलेली बाई यमुनाताईंना बरोबर दिसायची. जवळ जाऊन त्या एवढंच विचारायच्या, ‘तुझा पासपोर्ट कुठाय?’ त्या आणि राधिकाने मिळून अशा किती जणी सोडवल्या ते मी सांगणार नाही, कारण आकडा सांगितलेला यमुनाताईंना आवडायचा नाही. पण मला लिहायचंय ते हे नाही. मला लिहायचंय ते हे, की नऊ वर्षं मी त्यांच्याजवळ बसले, त्यांचं पुस्तक माझ्या या हातांनी टाइप केलं, आणि सगळा वेळ माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: या बाईने मला ओळखलंय का?

कारण मी यमुनाताईंना आधी पाहिलं होतं. त्या मॅडमच्या घरी.

मी तेव्हा या देशात नवीन होते. नवऱ्याला, म्हणजे विनयला, नोकरी लागून आठ महिने झाले होते, उइटहॉर्नला भाड्याचं घर होतं, आमची सई दोन वर्षांची होती आणि कुणी मराठी बोलायला मिळालं तर दोन गाड्या बदलून जायची माझी तयारी असायची. अशात कुणाच्या तरी ओळखीने द हेगच्या या घरी चैत्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. बाहेर बोचरा वारा, आत चैत्रगौर सजवलेली, पन्हं, आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे. मी अक्षरशः रडायचीच बाकी होते. मॅडम हसऱ्या, मोकळ्या. आतून एक बाई ताटं भरून आणून देत होती आणि मॅडम तिला ‘मावशी’ म्हणत होत्या, सगळ्यांना सांगत होत्या, ‘आमच्या घरच्यासारख्याच आहेत हो.’ घरच्यासारख्या! मलाही ते ऐकून बरं वाटलं होतं.

सईचं दूध कोमट करायला मी स्वयंपाकघरात गेले. मावशी कैरी किसत होत्या. डाव्या भुवईत जुनी खोक होती, तेवढी लक्षात राहिली. त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली, गरम पाण्यात धरली, मनगटावर थेंब टाकून बघितला. आणि मग पोलक्यातून एक घडी घातलेला लिफाफा काढून म्हणाल्या, ‘ताई, मगाशी बोलत हुता, पुण्याला जाताय न्हवं पुढल्या आठवड्यात? एवढी पोस्टात टाकाल का? भावाला हाय.’ मी म्हटलं, ‘हो, टाकते की.’ हे अगदी असंच म्हटलं. नाही म्हणाले असते तर आज हा लेख लिहावा लागला नसता.

बाहेर येईपर्यंत माझ्या स्वभावाने उचल खाल्ली. यात आहे काय? बंद का केलाय एवढा? विमानतळावर विचारतात, कुणी तुमच्याकडे काही दिलंय का, तेव्हा काय सांगायचं? मॅडमला माहीत आहे का? नसेल तर का नाही? आणि सगळ्यांत वरताण म्हणजे, ज्यांच्या घरी जेवलो त्यांच्या बाईची चिठ्ठी त्यांना न सांगता पर्समधून न्यायची, हे कसं दिसतं? निघताना दारात, हातात हरभऱ्यांची पुडी, कडेवर सई, मी लिफाफा पुढे केला. म्हटलं, ‘अहो, तुमच्या मावशींनी ही दिलीय टाकायला. तुम्हाला विचारल्याशिवाय कशी नेऊ?’ मॅडम हसल्या. ‘अगंबाई, मला सांगायचं ना त्यांनी! दे, मी टाकते.’ आणि माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, ‘बरं केलंस हो सांगितलंस.’ घरी येईपर्यंत मी खूश होते. मोठ्या घरात आपली रीतभात दिसली म्हणून.

त्यानंतर सातेक वर्षांनी आमच्या मराठी लोकांच्या ग्रुपवर राधिकाचा निरोप फिरत आला. एका बाईंना आपली गोष्ट सांगायची आहे, कुणी मराठीत लिहून घेईल का, पुढे इंग्रजीही करायचं आहे. मला कॉलेजात निबंधाला बक्षिसं मिळालेली, लगेच हात वर केला. शनिवारी सकाळी बेल वाजली, दार उघडलं, आणि राधिकाच्या मागे ती भुवई. मी ‘या ना, या’ म्हणत राहिले. यमुनाताईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि विचारलं, ‘चपला कुठं काढू?’ मग हॉल, सोफा, माझा चहा, काही न बघता सरळ स्वयंपाकघरात गेल्या, मागचं दार ढकलून पाहिलं, परत आल्या. ‘घरात कामाला कोण?’ मी म्हटलं, ‘मीच.’ म्हणाल्या, ‘बरं,’ आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसल्या. कुठल्याही घरी गेल्या तरी हे ठरलेलं. लोकांना राग यायचा. एका सत्यनारायणाला तर यजमान म्हणाले, ‘ताई, प्रसाद इकडे आहे.’ त्या म्हणाल्या, ‘करणारी तिकडं हाय.’

मग दर शनिवारी त्या सांगायच्या, मी टाइप करायचे. मधल्या आठवड्यात त्या स्वतः वहीत थोडं थोडं लिहून आणायच्या, मोठ्या, सुट्या अक्षरांत. वही देताना पानं मोजायच्या, परत घेताना पुन्हा मोजायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, ‘यमुनाताई, माझ्यावर विश्वास नाही का?’ त्यांनी थुंकी लावून पुढचं पान उलटलं आणि म्हणाल्या, ‘न्हाई.’ राग नाही, टोमणा नाही, नुसतं न्हाई. त्या रात्री मी विनयला विचारत बसले, ‘त्यांना कळलं असेल का रे?’ विनय म्हणाला, ‘अगं, ती बाई बस ड्रायव्हरवरसुद्धा विश्वास ठेवत नाही.’ हेही खरं होतं. नगरपालिकेत पासपोर्ट दाखवायची वेळ आली तर त्या काउंटरवर ठेवायच्या नाहीत. काचेला लावून धरायच्या, आणि पलीकडची डच मुलगी मान वाकडी करून वाचायची.

मीही काही कमी नव्हते. मी त्यांच्या प्रत्येक वाक्याला खोदत बसायचे. दार आतून उघडत होतं ना, मग निघून का नाही गेलात? मारत नव्हते ना, मग? गुलाम हा शब्द जरा जास्त नाही का होत, आपल्याकडे घरोघरी बायका राबतातच की... आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण मी विचारलं, एकदा नाही, पाच-सहा शनिवार विचारलं. मला आतून वाटत होतं, की ही गोष्ट थोडी तरी खोटी निघावी. थोडी खोटी निघाली असती तर मी थोडी सुटले असते. यमुनाताई शांतपणे सांगायच्या. ‘दार उघडत व्हतं की. पण परत यायला किल्ली न्हाई. बाहेर पाट्या वाचता येत न्हाईत, कुणाशी बोलता येत न्हाई, खिशात आपण कोण हाय ते सांगणारा कागद न्हाई. तू बाहेर पडली असतीस?’ राधिका हे ऐकून मान हलवायची. तिच्या पणजीला कागदावर अंगठा घेऊन बोटीत चढवलं होतं, सुरिनामच्या मळ्यावर राबायला. ‘उनको भी दरवाज़ा खुला था, दीदी,’ ती म्हणाली, ‘बाहर समुंदर था.’

आणि एकदा मला खरंच चूक सापडली. द हेगच्या त्या घराचं वर्णन सांगताना यमुनाताई म्हणाल्या, स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याकडे उघडायची, मी कैऱ्या किसता किसता ट्रॅम बघायची. माझी बोटं थांबली. खिडकी रस्त्याकडे नव्हती. मागे बागेकडे होती. सईची बाटली गरम होईपर्यंत मी त्याच खिडकीतून बाहेरची ट्यूलिप बघत उभी होते! ज्या बाईचा धंदाच चुका काढायचा तिला अखेर चूक सापडली, आणि ती बोलायची कशी? तुला कसं ठावं, असं त्यांनी विचारलं असतं तर? मी मान खाली घातली आणि लिहिलं: खिडकी रस्त्याकडे उघडायची. पुस्तकात ती खिडकी आजही रस्त्याकडेच उघडते.

जुलैच्या पहिल्या तारखेला इथे गुलामगिरी संपल्याचा दिवस पाळतात. एका वर्षी राधिकाच्या लोकांनी एक सभा ठेवली आणि यमुनाताईंना बोलायला उभं केलं, शेजारी भाषांतराला मी. भाषण आम्ही घटवून घेतलं होतं. सगळं नीट चाललं होतं, आणि मध्येच त्या कागद सोडून बोलायला लागल्या. म्हणाल्या, ‘मॅडमला मी भीत न्हवते. मॅडम काय करंल ते मला ठावं व्हतं. मला भ्या वाटायचं ते चांगल्या माणसांचं. जेवून जायची, कैरीची डाळ झकास झाली म्हणायची, माझ्या हातावर प्रेमानं हात ठेवायची. त्यातलं कुणी कवा काय करंल सांगता यायचं न्हाई.’ समोर शे-दीडशे माणसं, आणि सगळी माझ्याकडे बघताहेत, कारण आता इंग्रजीत मी बोलायचं होतं. मी भाषांतर केलं. नंतर एक डच आजोबा येऊन म्हणाले, तुम्ही किती मनापासून बोललात. मला त्या आजोबांचाही संशय आला.

ज्या शनिवारची मी दोन वर्षं धास्ती घेऊन होते तो शेवटी उगवला. यमुनाताई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, ‘आज चिठ्ठीचं लिव.’ मी कीबोर्डवर हात ठेवले. त्यांनी सांगितलं, हळदीकुंकू होतं, एक बाई दूध तापवायला आत आली, कडेवर गोड पोरगी होती, मी तिला चिठ्ठी दिली. ‘चिठ्ठीत काय होतं?’ मी विचारलं. हे मला खरोखर माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, ‘भावाला लिवलं व्हतं, दादा, आई लई आजारी हाय असं खोटंच इकडं फोन करून कळव. म्हंजे मला लावून देतील. एकदा तिकडं आले की परत येत न्हाई.’ मग त्या थांबल्या, पाणी प्यायल्या. ‘त्या बाईनं चिठ्ठी मॅडमला दिली. मॅडमनं वाचली. बोलली काय न्हाई. मॅडमसमोर भावाशी फोनवर बोलायला मिळायचं ते बंद झालं, पाव्हणे आले की मला वर कोंडायला लागली. आठ महिन्यांनी भावाचा खराच फोन आला, आई सिरियस हाय, यमुनेला पाठवा. मॅडम हसली. म्हणाली, हे तुमचं ठरलेलं आहे, मी वाचलंय.’

आई चार दिवस वाट बघून गेली. यमुनाताईंना ते कळलं तीन वर्षांनी, सुटल्यावर.

मी टाइप करत होते. करतच राहिले, कारण थांबले असते तर तोंडातून काय बाहेर आलं असतं देव जाणे. मनात मात्र वकिलासारखी उभी होते: मी काय केलं? मी तर फक्त विचारलं. बंद लिफाफा बंदच दिला. वाचला तो त्यांनी. मला काय माहीत! मग मी विचारलं, अगदी साधा आवाज काढून, ‘ती बाई कोण होती?’ यमुनाताई दाराकडे बघत होत्या. पुस्तकात जायचं वाक्य सांगताना त्या नेहमी शाळेतली मराठी बोलायच्या. म्हणाल्या, ‘लिव. ती बाई कोण होती ते मला आठवत नाही.’ मी म्हटलं, ‘खरंच नाही आठवत?’ तर म्हणाल्या, ‘लिव म्हटलं न्हवं?’ मी लिहिलं. त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं, की संध्याकाळी मी श्रीखंड केलं. विनय म्हणाला, आज काय विशेष? काय सांगणार होते त्याला!

पुस्तक आलं, गाजलं. आमच्या ओळखीतल्या काही घरांनी आम्हाला बोलावणं बंद केलं, ‘घराघरांतलं असं चव्हाट्यावर कशाला’ म्हणून. काहींनी पुस्तक विकत घेतलं आणि माझी सही मागितली. मी सहीला नाही म्हणायचे, लोकांना तो नम्रपणा वाटायचा. चिठ्ठीच्या प्रकरणावर वाचकांची पत्रं यायची. एका बाईंनी साताऱ्याहून लिहिलं होतं, ‘त्या दूधवाल्या बाईला देव बघून घेईल.’ ते पत्र यमुनाताईंना वाचून दाखवताना मी ते वाक्य गाळलं. त्या म्हणाल्या, ‘मधलं एक वाक्य राहिलं.’ मी हबकले. त्यांना वाचता येत होतं, पण कागद तर माझ्या हातात होता. ‘कशावरून?’ ‘तुझा श्वास थांबला.’

यंदा वसंतात त्यांचा आजार कळला तेव्हा उशीर झाला होता. घरचा डॉक्टर पोटदुखीवर साध्या गोळ्या देत राहिला, आणि यमुनाताई त्या गोळ्या खिशात साठवत राहिल्या, कारण डॉक्टरवर विश्वास नाही. हॉस्पिसमध्ये मी रोज ऑफिस सुटल्यावर जायचे. उशाशी वही, उशीखाली पासपोर्ट. अंग चिपाडासारखं झालेलं. ट्रॅमच्या थांब्यावरून परत आणलं त्या संध्याकाळी त्या खूप दमल्या होत्या आणि मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. दार लावून घेतलं. त्या लगेच म्हणाल्या, ‘उघड.’ उघडलं. मग तसंच, उघड्या दारात, कॉरिडॉरमधून कॉफीची गाडी चाललेली असताना, मी म्हटलं, ‘यमुनाताई, ती बाई मी होते.’

त्या हसल्या. त्यांना हसताना मी मोजून चार-पाच वेळा पाहिलं असेल. ‘झालं एकदाचं,’ म्हणाल्या.

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘पहिल्या दिवशी, दारात. या ना, या म्हणालीस तवाच आवाज वळखला. विचारल्याशिवाय कशी नेऊ, हे तुझं मी जिन्याखालनं ऐकलंय. त्यो आवाज तवापासनं मनात मी मॅडमच्या आवाजापरीस जास्त ऐकलाय.’

मला रडू फुटलं. मी माफी मागायला लागले, हुंदके, नाक, सगळं. त्यांनी हाताने थांबवलं. ‘ती खिडकी,’ त्या म्हणाल्या, ‘मागं व्हती. मला काय ठावं न्हाई व्हय? मुद्दाम सांगितलं रस्त्याकडं. म्हटलं, हिला चूक दिसली की गप बसवायचं न्हाई, आता बोलंल. तू खाली मान घालून लिवलंस.’ मी म्हटलं, ‘मग इतकी वर्षं येत का राहिलात माझ्याकडे?’

‘बघत व्हते.’

‘काय?’

‘तू किती दिस गप बसतीस ते. मी त्या घरात सहा वर्षं गप बसले. तू नऊ. माझ्यापरीस टिकलीस गं.’

यात प्रेम होतं का, सूड होता, का नुसतं कुतूहल, मला आजपर्यंत उमगलेलं नाही. मी त्या वाक्याला सगळ्या बाजूंनी खोदून पाहिलं. नऊ वर्षं त्यांनी माझ्या घरचं खाल्लं, सईला सायकल चालवताना सावरलं, मी पुण्याहून आणलेला कांदा-लसूण मसाला हुंगून ‘बरा हाय’ म्हणाल्या. ते सगळं खरं होतं की पाळत होती? राधिकाला विचारलं तर ती म्हणाली, ‘दीदी, यमुना के लिए दोनों एक ही बात थी.’

पण त्या संध्याकाळी त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. ‘फोन काढ,’ म्हणाल्या, ‘लिव. आठवत न्हाई ते वाक्य काढायचं, आन् हे घालायचं.’ तीन वाक्यं सांगितली. मी डोळे पुसत फोनवर टाइप केली. मग म्हटलं, ‘यमुनाताई, माझं नाव... सई आहे, विनयची माणसं आहेत, सगळे वाचतील.’ आता विचार करते, मरणाऱ्या माणसापुढेही मी काय घेऊन बसले होते! त्या म्हणाल्या, ‘मॅडमचं नाव समदी विचारत्यात. चांगल्या माणसाचं नाव कुणी विचारत न्हाई. उद्या एखादीच्या हातात असली चिठ्ठी पडंल. तवा तिला तुझं नाव आठवू दे.’ आणि डोळे मिटून घेतले. त्यानंतर दोन आठवडे आम्ही बोललो ते औषधाचं, भुकेचं, पावसाचं. वाक्यांचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही.

दुसऱ्या आवृत्तीचा मजकूर द्यायची मुदत परवा आहे. फाइल माझ्याच कॉम्प्युटरवर आहे, दुसऱ्या कुणाकडे ती तीन वाक्यं नाहीत. राधिका तेव्हा खोलीत नव्हती. म्हणजे मी नाही घातली तर जगात कुणाला कळणार नाही, हा विचार मी या पाच आठवड्यांत रोज केला आहे. विनय म्हणाला, ‘बाई गेली, विषय संपला, कशाला उकरतेस?’ तो वाईट माणूस नाही, घाबरलेला आहे. सईला मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ती मराठी ऐकते आणि इंग्रजीत उत्तर देते. सगळं ऐकून म्हणाली, ‘आई, दॅट बेबी वॉज मी?’ मी हो म्हटलं. ती उठून आपल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने परत आली आणि माझा लॅपटॉप उघडून माझ्यापुढे ठेवला.

हेही सांगून टाकते, की हा लेख लिहितानासुद्धा मला माझाच संशय येतो. आधी इथे कबूल केलं तर पुस्तकातलं नाव जरा कमी बोचेल, लोक म्हणतील काय धीराची बाई, असा काही हिशेब माझ्या मनात नाहीच असं मी छातीठोक सांगू शकत नाही. तुम्हीही संशय घ्या. यमुनाताईंनी घेतलाच असता. दुसऱ्याचं ते पत्र बंद होतं, त्यावर पत्ता होता, आणि ते माझं नव्हतं, एवढंच मला तेव्हा पुरायला हवं होतं.

आज दुपारी जुनं वाक्य खोडलं. खिडकी मात्र तशीच ठेवली, ती बदलायला त्यांनी सांगितलेलं नाही. नवी वाक्यं त्यांनी सांगितली तशी, काना-मात्रा न बदलता घातली आणि फाइल पुण्याला प्रकाशकांकडे पाठवून दिली. आता त्या पानावर असं आहे:

‘त्या बाईचं नाव मेघना खांबेटे. मी दिलेली चिठ्ठी तिने मॅडमच्या हातात दिली. तेव्हा माझी आई जिवंत होती.’